इंदूरच्या उन्हाळ्यात वॉटर-कूल्ड ग्राफिक्स कार्ड पहिल्यांदाच ओव्हरक्लॉक करायचंय, सुरुवात कुठून करू?

एमएसआय आफ्टरबर्नर घ्या, कार्डाचा वेग वाढवायचं हे सॉफ्टवेअर फुकट आहे. पॉवर लिमिट शेवटपर्यंत सरकवा, व्होल्टेजला हात लावू नका. कोअर क्लॉक (मुख्य चिपचा वेग) २५-२५ मेगाहर्ट्झने वाढवत दर वेळी युनिजिन सुपरपोझिशन ही कार्डावर ताण देऊन स्कोअर सांगणारी चाचणी चालवा. पडद्यावर ठिपके चमकले किंवा ड्रायव्हर कोसळला, की ५० मागे या.

मेमरी मात्र फसवी. जीडीडीआर६एक्स प्रकारची मेमरी असलेल्या कार्डात चूक पकडली गेली की डेटा पुन्हा पाठवला जातो. क्रॅश काहीच होत नाही, गुपचूप वेग घटतो. म्हणून १०० मेगाहर्ट्झच्या टप्प्याने वाढवा आणि नजर सुपरपोझिशनच्या स्कोअरवर ठेवा. तो घसरायला लागला की पुरे.

आता पाण्याचं. रेडिएटरमधलं पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही, पंखे कितीही लावा. जानेवारीच्या रात्री छान जमलेलं सेटिंग मे महिन्यात, पारा ४० च्या पुढे गेल्यावर दगा देऊ शकतं. तेव्हा शेवटची चाचणी भर दुपारी, एसी बंद करून, तासभर घ्या (घरच्यांची बोलणी खायची तयारी ठेवा). कोअरच्या तापमानाबरोबर हॉटस्पॉटचा, म्हणजे चिपवरच्या सगळ्यात गरम जागेचा आकडाही बघा. दोघांत २५-३० अंशांची तफावत दिसली तर वॉटर ब्लॉक (चिपवर बसणारा, पाणी खेळवणारा धातूचा ठोकळा) नीट बसलेला नसण्याची शक्यता आहे, आधी ते बघा.

आणि सगळं स्थिर होईपर्यंत आफ्टरबर्नरमध्ये 'विंडोज सुरू होताच लागू करा' ही खूण करू नका.