टक्कल पडू लागल्यावर दिली जाणारी औषधे नेमके काय करतात?

निपाणीहून आपण विचारले आहे की फिनास्टेराइड आणि मिनॉक्सिडिल एकच काम करतात का. तसे नाही. फिनास्टेराइडची रोजची १ मिलिग्रॅमची गोळी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे (हार्मोनचे) डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) रोखते. आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्या पुरुषांच्या केसांची मुळे या डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमुळेच आक्रसत जातात, म्हणून ते घटले की गळती मंदावते. मिनॉक्सिडिल, जे मुळात रक्तदाबाचे औषध होते, डोक्याला लावल्यावर केसांच्या वाढीचा काळ लांबवते. सुरुवातीच्या काही आठवड्यांत मात्र केस अधिक गळू शकतात, आणि त्याच भीतीने माझ्या धाकट्या भावाने बेळगावात ते मध्येच सोडले, याची मला अजून हळहळ वाटते. परिणाम दिसायला बहुधा चार ते सहा महिने लागतात. फिनास्टेराइडने काहींची कामेच्छा घटते, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच गोळी सुरू करावी.