स्वाईन फ्लूच्या साथीत रुग्ण कसे मोजतात आणि ‘नवा स्ट्रेन’ आलाय हे कसं कळतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोसायटीत एकाच आठवड्यात सहा जणांना ताप-खोकला झाला, टेस्ट एकाचीच केली, ती एच१एन१ (म्हणजे स्वाईन फ्लू) पॉझिटिव्ह आली. मग उरलेले पाच कुठे मोजले जातात? आणि पेपरात ‘नवा स्ट्रेन’, म्हणजे विषाणूचा नवा उपप्रकार, म्हणून बातमी येते ते कोण ठरवतं?

पाच जण कुठेच मोजले जात नाहीत. त्यात कुणी काही लपवलं असं नाही, फ्लू मोजायची पद्धतच तशी आहे. पेपरात ‘राज्यात इतके रुग्ण’ छापतात तिथे मनातल्या मनात ‘तपासलेल्यांपैकी इतके पॉझिटिव्ह’ असं वाचायचं. मला ही सवय २००९ साली लागली. तेव्हा मी पुण्यात एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते.

त्या वर्षी मे महिन्यात देशातला पहिला रुग्ण हैदराबादला सापडला, अमेरिकेहून आलेला प्रवासी. तेव्हा सगळ्यांची नजर विमानतळांवर. परदेशातून आलेल्या तापकऱ्याचा आणि त्याच्या संपर्कातल्यांचा नमुना घ्यायचा, बाकीच्यांचा नाही. साहजिकच पॉझिटिव्ह येणारे सगळे परदेशातून आलेले किंवा त्यांच्या घरचे. त्यावरून लोक म्हणायचे, हा विमानवाल्यांचा आजार आहे. अहो, तपासत होतो तेवढ्यांनाच! अंगणात दिवा लावून शोधलं तर हरवलेली वस्तू अंगणातच सापडणार.

३ ऑगस्टला पुण्यात चौदा वर्षांच्या एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. या आजाराने झालेला देशातला तो पहिला मृत्यू. त्यानंतर शहराचा नूरच पालटला. शाळा बंद, थिएटरं बंद, मॉल बंद. नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगांचे फोटो देशभर छापून आले. एन-९५ मास्क काळ्या बाजारात गेले. पुण्यातल्या मुली दुचाकीवर आधीपासूनच तोंडाला स्कार्फ बांधायच्या, त्यांना फारसं काही बदलावं लागलं नाही. बाकीचे रुमालावर निलगिरी टाकून, नाहीतर कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी हुंगत फिरायचे. रांगेत एक आजी माझ्या हातात तशी पुरचुंडी कोंबत म्हणाल्या, “तू रोज या रोग्यांत असतेस बाळा, तुला जास्त गरज.” ती दिवसभर ॲप्रनच्या खिशात होती. घरी गेले तर सगळे विचारतात, देवळातून आलीस का?

आता त्या दिवसांतले आकडे बघा. आधी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके नमुने येत होते, नंतर ट्रे ठेवायला टेबल पुरेना. पॉझिटिव्ह वाढले, बातम्या वाढल्या, बातम्या वाचून आणखी लोक रांगेत आले आणि पॉझिटिव्ह आणखी वाढले. यात खरी साथ किती वाढली आणि रांग किती वाढली, हे नुसत्या पॉझिटिव्हच्या आकड्यावरून सांगता येत नाही. शंभर नमुन्यांमागे किती पॉझिटिव्ह, हे विचारलं तर थोडंफार कळतं. मी अजूनही बातमीत आधी तेच शोधते. बहुतेक वेळा छापलेलं नसतं.

मग केंद्र सरकारने रुग्णांचे ए, बी आणि सी असे तीन गट पाडायला सांगितले. साधा ताप-खोकला, घसादुखी म्हणजे ए: टेस्ट नाही, घरी थांबा. ताप जास्त असेल किंवा गरोदरपण, दमा, मधुमेह असं काही असेल तर बी: गरजेप्रमाणे टॅमीफ्लू हे फ्लूवरचं औषध, टेस्ट तरीही नाही. धाप लागतेय, ओठ निळे पडताहेत, रक्तदाब उतरतोय तर सी: दाखल करा आणि टेस्ट करा. निर्णय शहाणपणाचा होता, प्रयोगशाळा गुदमरल्या होत्या. पण त्या दिवसापासून ‘रुग्ण’ या शब्दाचा अर्थ बदलला. आधी रांगेतला प्रत्येक घाबरलेला माणूस मोजणीत येऊ शकत होता, नंतर मुख्यतः दाखल झालेला. दोन्ही काळांचे आकडे एकाच आलेखावर जोडून ‘साथ ओसरली’ किंवा ‘विषाणू जास्त घातक झाला’ असं म्हणणं म्हणजे लिटरमध्ये किलो मिळवणं.

सरकारी नोंदीप्रमाणे २००९मध्ये देशात २७,२३६ रुग्ण आणि ९८१ मृत्यू. २०१०मध्ये २०,६०४ रुग्ण आणि १,७६३ मृत्यू. रुग्ण कमी आणि मृत्यू जवळजवळ दुप्पट! विषाणू बिथरला का? तसा निष्कर्ष काढण्याआधी टेस्ट कुणाची होत होती ते विचारायला हवं. दाखल झालेल्या गंभीर रुग्णांचीच टेस्ट केली तर दर शंभर पॉझिटिव्हमागे मृत्यू जास्तच दिसणार. तुमचे पाच जण ए गटातले. ते भागाकाराच्या खालच्या आकड्यात आलेच नाहीत.

पण म्हणून ते कायमचे गळाले असंही नाही. साथ गेल्यावर लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढताना शरीराने बनवलेली प्रथिनं, शोधतात. पुण्यातही शाळकरी मुलं, रुग्णालयांतले कर्मचारी, सर्वसामान्य नागरिक असे वेगवेगळे गट घेऊन असं सर्वेक्षण झालं. त्यातून आजारी पडले पण तपासले गेले नाहीत, अशांचा अंदाज येतो. मृत्यूंचंही तसंच. ऑगस्ट २०१०पर्यंत जगभरात प्रयोगशाळेत पक्के झालेले मृत्यू होते १८,४४९. पुढे २०१२मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने अंदाज काढला तो सुमारे २ लाख ८४ हजारांचा, म्हणजे पंधरा पट. पहिला आकडा मोजलेला, दुसरा अंदाजाचा, आणि खऱ्याच्या जवळ बहुधा दुसराच. लोकांना हे उलटं वाटतं, मलाही वाटायचं.

साथ नसतानाही मोजणी चालूच असते, तिची तऱ्हा वेगळी. काही ठरावीक रुग्णालयं निवडायची, तिथल्या ओपीडीतून दर आठवड्याला ठरलेल्या व्याख्येत बसणाऱ्या काही रुग्णांचेच नमुने घ्यायचे: ताप ३८ अंश सेल्सियस किंवा वर, खोकला, आणि आजार दहा दिवसांच्या आतला. सुरुवातीला मला हे फार तोकडं वाटलं होतं. पण आपण शितावरून भाताची परीक्षा करतोच की! अट एकच, दर वेळी त्याच पातेल्यातून, त्याच डावाने. या आठवड्यात वरचं शीत आणि पुढच्या आठवड्यात तळाची खरपुडी काढली तर भात शिजला की करपला, काहीच कळणार नाही.

आता नमुन्याचं सांगते, कारण अर्धा घोळ तिथेच होतो. नाकातून आणि घशातून स्वाब घेतात. त्याची काडी लाकडी चालत नाही आणि बोळा कापसाचा चालत नाही, त्यांनी पीसीआर, म्हणजे विषाणूची जनुकं शोधायची चाचणी, बिघडू शकतं. सिंथेटिक बोळा, प्लॅस्टिकची काडी. ती व्हीटीएमच्या, म्हणजे विषाणू टिकवून ठेवणाऱ्या गुलाबी द्रवाच्या, नळीत मोडून टाकायची, झाकण घट्ट लावायचं, बर्फात ठेवायची. नळी गुलाबीची पिवळी झाली की समजायचं, आत बॅक्टेरिया वाढलेत. एकदा बाहेरगावच्या एका रुग्णालयातून डबा आला. आत नळ्या बारा आणि फॉर्म अकरा. बर्फ वितळून डबाभर पाणी, आणि लेबलं जेल पेनाने लिहिलेली. दोन नळ्यांवर नुसता निळा ओघळ उरला होता. मी आणि माझा सहकारी ट्यूबलाइटखाली नळी फिरवत ‘हे पाटील आहे की पाटोळे’ करत बसलो. शेवटी दोन्ही बाद केल्या. त्या दोघांची त्या दिवशीची नोंद: काही नाही. तेव्हापासून मी कुणालाही पेन देताना आधी पाण्याने पुसलं जातं का ते बघते, घरचे हसतात.

पीसीआरमध्ये तेव्हा एका नमुन्यासाठी चार कप्पे भरायचो. पहिल्यात कळायचं फ्लू ए आहे का. दुसऱ्यात, डुकरांतल्या फ्लूकडून आलेली खूण आहे का. तिसऱ्यात, नव्या साथीचा एच१ आहे का. चौथा कप्पा विषाणूचा नसून माणसाचा: आपल्याच पेशींतलं एक जनुक त्यात शोधायचं. ते सापडलं नाही तर स्वाब नाकाला लागलाच नाही, नुसता हवेत फिरवून आलाय! अशा नमुन्याला ‘निगेटिव्ह’ म्हणायचं नाही, परत मागवायचा. यंत्र फेरीफेरीने जनुकाच्या प्रती वाढवत जातं; पडद्यावर रेघ वीस-बाविसाव्या फेरीला उठली तर विषाणू भरपूर, छत्तिसाव्याला कशीबशी उठली तर नावापुरता.

पण एवढ्याने ‘स्ट्रेन’ कळत नाही, हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. पीसीआर म्हणजे गाडीची नंबरप्लेट वाचणं: ‘एमएच-१२’ आहे, म्हणजे पुण्याची. आतलं इंजिन बदललंय का, ते वेगळं बघावं लागतं आणि ते मोजक्याच नमुन्यांवर होतं. त्यासाठी विषाणू जिवंत वाढवतात, पेशींत किंवा कोंबडीच्या अंड्यात. मग त्याची ओळखपरेड. ती मी एका प्रशिक्षणात पहिल्यांदा पाहिली. शहाण्णव खळग्यांची प्लास्टिकची प्लेट. जुन्या विषाणूची बाधा दिलेल्या फेरेट नावाच्या प्राण्याचा सिरम, म्हणजे रक्तातला प्रतिपिंडं असलेला द्रव, घेतात, तो दर खळग्याला निम्मा निम्मा पातळ करत जातात: एकास दहा, वीस, चाळीस असा. त्यात नवा विषाणू टाकतात आणि वरून टर्की पक्ष्याच्या लाल पेशींचा थेंब. अर्धा तास थांबायचं. सिरमने विषाणूला ओळखून धरलं असेल तर पेशी मोकळ्या राहून तळाशी जातात, छान लाल टिकली दिसते. प्लेट तिरकी केली की ती टिकली अश्रूसारखी ओघळते. ओळखलं नसेल तर विषाणू पेशींना एकमेकींत गुंतवतो आणि खळगाभर फिकट लालसर जाळी पसरते. जुन्या विषाणूला जो सिरम १:१२८० पर्यंत ओळखतो तो नव्याला १:१६० लाच सोडून देत असेल, तर आठ पटींचा फरक पडला. मग कान टवकारतात.

२००९चा विषाणू सापडला तोही असाच, ओळख न पटल्यामुळे. एप्रिलमध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या दोन मुलांचे नमुने फ्लू ए निघाले, पण माणसातल्या नेहमीच्या एच१ किंवा एच३ या कुठल्याच कप्प्यात बसेनात. मुलांची एकमेकांशी गाठ नाही, डुकरांशीही नाही. त्यातल्या एकाचा नमुना तर एका नव्या तपासणी-यंत्राची चाचणी चालली होती म्हणून घेतलेला! जनुकं वाचल्यावर कळलं, आठ तुकड्यांपैकी काही अमेरिकी डुकरांतले, दोन युरोप-आशियातल्या डुकरांतले, दोन मुळात पक्ष्यांकडचे, एक माणसातल्या एच३एन२ या दुसऱ्या फ्लूमधला. खिचडीच. लशीसाठी निवडलेल्या त्याच्या नमुन्याचं नाव ए/कॅलिफोर्निया/०७/२००९. प्रकार, गाव, नमुन्याचा क्रमांक, साल, इतकं साधं बारसं. लशीत तो २०१६पर्यंत होता, म्हणजे इतकी वर्षं त्याचा चेहरा फारसा बदलला नव्हता.

म्हणूनच ‘म्युटेशन’ वाचून घाबरू नका. फ्लूचा विषाणू रोज बदलतो, प्रश्न असतो कुठे बदलला याचा. एच२७५वाय हा एक बदल झाला की टॅमीफ्लू लागू पडत नाही, तो महत्त्वाचा. बाकीच्या बहुतेक बदलांनी फारसं काही होत नाही.

२०१५चा वाद आठवतो का? त्या वर्षी देशात ४२,५९२ रुग्ण आणि २,९९० मृत्यूंची नोंद झाली. मार्चमध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी लिहिलं की भारतातल्या विषाणूत घातक बदल दिसतात. आपल्याकडून लगेच उत्तर गेलं: तसं काही नाही, विषाणू कॅलिफोर्नियासारखाच आहे. टीव्हीवर दोन दिवस हमरीतुमरी. मला त्यात लागलं ते वेगळंच. आधीच्या दोन वर्षांत भारतातून जागतिक डेटाबेसमध्ये या विषाणूचे जनुकक्रम गेले होते दोनच, त्यावरूनच तो लेख लिहिला गेला. दोन शितांवरून अख्ख्या देशाचा भात ठरवला हे चूक, पण पातेल्यावर झाकण कुणी ठेवलं होतं? पुण्यात १९५२पासून देशातली प्रमुख विषाणू संशोधन संस्था, एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था), उभी आहे. तिथलं ज्ञान कमी नव्हतं, ते बाहेर उशिरा येत होतं, असं माझं मत. कोविडनंतर हे बरंच सुधारलं.

जगभरातल्या या परेडचे निकाल घेऊन जागतिक आरोग्य संघटनेची बैठक वर्षातून दोनदा बसते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धाच्या लशीसाठी आणि सप्टेंबरात दक्षिणेच्या. गंमत म्हणजे आपण उत्तर गोलार्धात राहतो आणि महाराष्ट्रातला फ्लू मुख्यतः पावसाळ्यात वाढतो. तिकडे काश्मीरमध्ये तो जानेवारी ते मार्चमध्ये चढतो. त्यामुळे इथे लस घ्यायची तर एप्रिल-मेमध्ये, आणि सप्टेंबरात ठरलेली दक्षिण गोलार्धाची ताजी असेल तर उत्तम.

पुढच्या उन्हाळ्यात सोसायटीतले कुणी लस घ्यायला गेले तर डॉक्टरांकडून ते खोकं मागून घ्या. बाजूला बारीक अक्षरात सगळी बारशाची नावं छापलेली असतात, ए/कॅलिफोर्नियासारखी, सालासकट. खाली गोलार्ध आणि वर्षही असतं. वर्ष मागचं निघालं तर तिथेच सांगा, नवीन आलं की घेतो.