मटार, आमरस आणि डीप फ्रीजर: किती लिटरचा घ्यावा?

प्रश्न : आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो, घरात पाच माणसं. जानेवारीत मटार स्वस्त झाला की सोलून ठेवायचा, मग तुरीचे दाणे, मे महिन्यात आमरस, ओलं खोबरं, हे सगळं फ्रिजच्या वरच्या कप्प्यात मावत नाही म्हणून वेगळा डीप फ्रीजर घ्यायचाय. दुकानदार म्हणतो 200 लिटरचा काचेच्या झाकणाचा घ्या. आणि गेल्या वर्षीचा मटार दोन महिन्यांतच पिवळट पडला, वाळक्या गवतासारखा वास यायला लागला, तो का? पावसाळ्याच्या तोंडावर लाईट जाते तेव्हा काय करायचं तेही सांगा.

उत्तर : ताई, 200 लिटर नका घेऊ. तुमच्या यादीला 100 लिटरच्या आसपासचा, वरून उघडणारा, जाड बंद झाकणाचा म्हणजे दुकानात हार्ड टॉप म्हणतात तो भरपूर झाला. काचेचं झाकण आइस्क्रीमच्या दुकानासाठी असतं, गिऱ्हाइकाला आतलं दिसावं म्हणून, घरात त्याचा उपयोग काही नाही आणि काचेतून गारवा जातो ते बिलात दिसतं. वरून उघडणारा अशासाठी की थंड हवा जड असते, झाकण उघडलं तरी ती खालीच बसून राहते. बरीच मॉडेल्स कन्व्हर्टिबल असतात, एकच बटण, कूलर किंवा फ्रीजर, ते बटण पोरांच्या हाताला लागेल असं नको कारण कूलरवर गेलं की सगळं विरघळतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. आत थर्मामीटर टाकून ठेवा, उणे 18 अंश दाखवायला पाहिजे. ठेवायचा कुठे, तर बाल्कनीत नको, एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 40 ला टेकतो, घरातच भिंतीपासून वीतभर लांब ठेवा.

आता मटार. तो वास फ्रीजरमुळे नाही, दाणे कच्चेच भरले असणार. दाण्यातली एन्झाइम्स थंडीत मरत नाहीत, हळूहळू काम करतच राहतात, त्यानेच रंग आणि चव जाते. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळवा, थोडे थोडे दाणे टाका, पुन्हा उकळी आली की दीड-दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, आणि मग सुती कापडावर पसरून अगदी कोरडे करा. कोरडं करणं बहुतेक जण उरकून टाकतात आणि मग पिशवीत दगडासारखा गोळा होतो. ताटात एक थर पसरून आधी फ्रीजरमध्ये कडक होऊ द्या, मगच झिपच्या पिशवीत, हवा दाबून काढून, वर मार्करने तारीख. भाजीत टाकताना विरघळवायचा नाही, तसाच टाकायचा.

स्वस्त मिळाला म्हणून दहा किलो एकदम नका कोंबू, 100 लिटरमध्ये एका दिवसाला नवीन माल तीन-चार किलोच, नाहीतर गोठायला वेळ लागतो, बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि दाणा, फोड काहीही असो मऊ पडतं. आमरस एका जेवणाला पुरेल एवढ्याच डब्यांत भरा आणि वर बोटभर जागा सोडा, गोठताना फुगतो, काचेची बरणी तडकते.

लाईट गेली की झाकण उघडायचंच नाही, बघायला सुद्धा नाही! भरलेला फ्रीजर बंद ठेवला तर साधारण 48 तास टिकतो, अर्धा असेल तर 24, म्हणून रिकामी जागा पाण्याच्या बाटल्या गोठवून भरा, त्याही वरपर्यंत भरू नका. वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवा, गावाहून आल्यावर नाणं बुडालेलं दिसलं तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय, मग मासे-मटण असेल तर टाकूनच द्या, वासावर जाऊ नका, गोठवल्याने जंतू मरत नाहीत.

प्रश्न : दिंडोरीच्या नातेवाइकांनी द्राक्षांची पेटी पाठवलीय, गोठवता येतील का? (नाशिकरोड)

उत्तर : येतील की. देठ काढा, धुवा, पुसून कोरडी करा आणि मटारासारखीच ताटात पसरून गोठवा. विरघळली की लिबलिबीत होतात, तेव्हा गोठलेलीच खायची किंवा मिक्सरला सरबत करायचं. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खं द्राक्ष मात्र देऊ नका, घशात अडकतं, त्यांच्यासाठी गोठवायच्या आधीच उभी चिरून बारीक तुकडे करा आणि देताना मऊ होऊ द्या.