नवऱ्याचं इन्कम कमी दिसतंय, बाबा स्पॉन्सर चालतील का?

प्रश्न : ताई, नवरा न्यू जर्सीला, अमेरिकन सिटिझन आहे, पण मध्ये नोकरी गेल्यामुळे गेल्या वर्षीचं इन्कम कमी दिसतंय, आता नवी लागलीये. बीकेसीच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये माझा, नवऱ्याकडे कायमचं जायचा व्हिसा इंटरव्ह्यू आहे. मुलुंडच्या बाबांची एफडी दाखवू का?

उत्तर : बाबांना राहू दे गं, स्पॉन्सर अमेरिकेत राहणारा सिटिझन नाहीतर ग्रीनकार्डवालाच लागतो. आधी खरंच कमी पडतंय का ते बघ, कारण मुख्य बघतात ते आत्ताचं इन्कम, म्हणून नव्या कंपनीचं लेटर, ताज्या पे स्लिपा आणि आयआरएसची (तिथल्या इन्कम टॅक्स खात्याची) टॅक्स ट्रान्सक्रिप्ट आय-८६४ ला, म्हणजे तुझ्या खर्चाची हमी देणाऱ्या स्पॉन्सरच्या फॉर्मला, जोडायला सांग. घरातली माणसं मोजताना तुलाही धरायचं, तेवढ्या माणसांसाठी अमेरिकन सरकारने ठरवलेल्या पॉव्हर्टी गाइडलाइनच्या (गरिबीच्या रेषेच्या) १२५ टक्के इन्कम हवं. तरी कमी पडलं तर तुझ्या स्वतःच्या नावावरची एफडी चालते, पण इन्कम जेवढं कमी पडतंय त्याच्या तिप्पट हवी. नाहीतर जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे नवऱ्यासोबत हमी देणारा दुसरा कुणी, त्याचा वेगळा आय-८६४, टॅक्सचे कागद, सिटिझनशिपचा किंवा ग्रीनकार्डचा पुरावा. नवऱ्याचा आय-८६४ मात्र सुटत नाही! आणि दिराला वगैरे गळ घालणार असशील तर आय-८६४ हा कायदेशीर करार आहे, तुमचा घटस्फोट झाला तरी संपत नाही, हे त्याला आधीच सांग, उगाच नंतर घरात कटकट नको.