चित्र आहे? मग अंक बहुधा नकली!

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत १५ एप्रिल १८६५चा ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ सापडला. पहिल्या पानावर लिंकन यांच्या हत्येची बातमी आणि त्यांचे चित्र आहे. किंमत किती येईल? (सातारा)

उत्तर : चित्राने घात केला. अस्सल अंकाच्या पहिल्या पानावर लिंकन यांचे चित्र नव्हते. मथळ्यांची उतरंड आणि खाली मजकुराचे अरुंद रकाने, एवढेच. या अंकाच्या नकला पुढे अनेकांनी, अनेकदा छापल्या. त्यातल्या कित्येक आता स्वतःच जुन्या झाल्यात, म्हणून तर घरोघर फसगत होते. पाने मोजा : अस्सल अंक आठ पानी, नकला बहुधा चार पानी किंवा त्याहून कमी. मग कागदाचा कोपरा हलकेच वाकवून पाहा. त्या काळचा चिंध्यांचा कागद अजून लवचीक असतो; पुढे लाकडाच्या लगद्याचा आला, तो तपकिरी पडून तुटतो. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या निधनाची बातमी देणारा ४ जानेवारी १८००चा ‘अल्स्टर काउंटी गॅझेट’ याहून बदनाम. तो कुणी आणला, की घडी उलगडण्याआधीच मी नक्कल धरून चालतो.

प्रश्न : जेफरसन निवडून आल्याचा १८०१चा अंक घेतला. पहिल्या पानावर नुसत्या जाहिराती! फसवले का मला? (न्यू जर्सी)

उत्तर : नाही. आतली पाने बघितलीत का? तेव्हाची पत्रे चार पानी. पहिले आणि चौथे पान कागदाच्या एकाच बाजूला येई, ते जाहिराती व शिळ्या मजकुराने भरून आधी छापून घेत. ताजी बातमी दुसऱ्या-तिसऱ्या पानावर. अध्यक्षपदासाठी जेफरसन आणि ॲरन बर यांना निवडणूक मंडळाची प्रत्येकी ७३ मते पडली होती, म्हणून अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाने मतदानाच्या छत्तिसाव्या फेरीत, १७ फेब्रुवारी १८०१ला जेफरसन यांच्या बाजूने निकाल लावला. तुमच्या अंकात हे बहुधा चार ओळींत, मथळ्याशिवाय उरकलेले असेल. मला अशाच ओळी आवडतात; भिंतीवर लावायला मात्र त्या निरुपयोगी.

प्रश्न : केनेडींच्या हत्येचे अंक आहेत. विकावेत का? (नागपूर)

उत्तर : विकून फारसे हाती लागणार नाही. तो अंक जपावा असे तेव्हा सगळ्यांनाच वाटले, म्हणून तो मुबलक मिळतो. याउलट ३ नोव्हेंबर १९४८चा ‘शिकागो डेली ट्रिब्यून’ : अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल हाती येण्याआधीच, छापखान्यातल्या संपामुळे अंक लवकर छापायला गेला आणि ‘ड्यूईंनी ट्रूमनना हरवले’ असा मथळा पडला. जिंकले ट्रूमन, निवडणूक मंडळाच्या ३०३ विरुद्ध १८९ मतांनी. तो अंक हातात धरून हसणाऱ्या ट्रूमन यांचे छायाचित्र गाजले आणि अंकाला भाव आला. फ्रेममधल्या नकला याच्याही पुष्कळ आहेत.

प्रश्न : जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध झटणाऱ्या लोकांना अर्पण केली. त्या लढ्याचा एखादा अंक संग्रही हवा. कोणता घेऊ? (पुणे)

उत्तर : सगळे लिंकन यांच्या गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्यामागे धावतात. प्राथमिक जाहीरनामा २२ सप्टेंबर १८६२चा, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या अंकांना मागणी फार. मी तुम्हाला एक महिना मागे जायला सांगेन. २० ऑगस्टच्या ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’मध्ये संपादक होरेस ग्रीली यांनी, गुलाममुक्तीत कुचराई होते म्हणून, लिंकन यांना जाहीर पत्रात धारेवर धरले. लिंकन यांनी उत्तर दिले : आपले पहिले उद्दिष्ट गृहयुद्धात फुटलेले संघराज्य वाचवणे. ते २३ तारखेच्या ‘नॅशनल इंटेलिजन्सर’मध्ये आले. विशेष म्हणजे तोवर जाहीरनाम्याचा मसुदा त्यांनी मंत्रिमंडळाला दाखवून झाला होता! हे दोन अंक जोडीने मिळाले तर सोडू नका.

प्रश्न : लॅमिनेशन करावे का? (मुंबई)

उत्तर : मुळीच नको, आणि सेलोटेपही नको. आम्लविरहित पुठ्ठ्यावर, पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात अंक आडवा ठेवा. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकलेले कपाट टाळा. ओल आणि कसर तिथूनच येते.