तक्ता राहू द्या, आधी कोपर-घोटा

चार वर्षांच्या मुलापुढे फुप्फुस, यकृत, मूत्रपिंडाचा रंगीत तक्ता टांगला की ते नावं पाठ करतं, पाहुण्यांना म्हणून दाखवतं. आणि दुखलं की मात्र पोटावर हात फिरवत ‘इथे’ एवढंच सांगतं. या वयात सुरुवात करायची ती हाताला लागतं, वाकतं, धडधडतं तिथून. तुम्ही परदेशात, अमेरिकेत असाल तर बडोद्यातल्या आजी-आजोबांना या कामाला जरूर लावा. व्हिडिओ कॉलवर ‘जेवलास का?’च्या पुढे बोलायला त्यांनाही काहीतरी हवंच असतं.

‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ त्यासाठी उत्तम. उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे 8 वाजतात तेव्हा इकडे बडोद्यात संध्याकाळचे 5:30 झालेले असतात, दोघांनाही सोयीचं. फोन हातात धरू नका, गुडघे-घोटे दिसतच नाहीत. तो टेकवून ठेवा आणि मुलाला सहा-सात फूट मागे उभं करा. हात, पाय, नाक त्याला येतंच. आजीने कोपर, मनगट, पोटरी, टाच, भुवई विचारावी. तीन-चार वर्षांच्या मुलाला ‘शिवाजी म्हणतो’ न म्हटल्यावर थांबणं जमत नाही, ते हुकूम ऐकला की करून मोकळं होतं. म्हणून सुरुवातीला ‘बाद’ ठेवू नका. डावं-उजवंही नको, समोरासमोर ते उलटं दिसतं आणि सगळ्यांचाच गोंधळ होतो.

पुढचा खेळ ओढायच्या हाताचा. पातळ पुठ्ठ्यावर मुलाचा पंजा आखून कापा. बोटांवर जिथे घड्या पडतात तिथे पुठ्ठा आतल्या बाजूला दुमडा. स्ट्रॉचे तुकडे करून घड्यांच्या मधे चिकटवा: प्रत्येक बोटाला तीन, अंगठ्याला दोन, कारण हाडंही तितकीच असतात. तळहातावर प्रत्येक बोटाच्या रेषेत एकेक लांब तुकडा. तुकड्यांतून दोरा ओवा, त्याचं टोक बोटाच्या शेंड्यावरून मागे नेऊन चिकटपट्टीने पक्कं करा आणि मनगटाकडून ओढा. बोट वाकतं. न वाकल्यास बहुधा तुकड्यांमधली फट कमी पडलेली असते. घडीपाशी अर्धा सेंटीमीटर तरी मोकळा हवा. लोकर स्ट्रॉमध्ये अडकते, गोधडीचा जाड दोरा चालतो. उत्तरायणातला उरलेला मांजा घरात असेल, पण त्याला हात लावू नका, बोटं कापतील. कापणं-ओवणं मोठ्यांनी करावं, चिकटवणं आणि ओढणं मुलाचं.

खरी गंमत यानंतर. मुलाला एका हाताची मूठ उघड-मीट करायला सांगा आणि दुसऱ्या हाताने कोपराखालचा भाग धरायला लावा. आत काहीतरी हलतं. बोटं मिटणारे मोठे स्नायू तिथे, कोपराखाली असतात. बोटांपर्यंत येतात ते त्यांचे दोर. हे त्याने आधी पुठ्ठ्यावर ओढून पाहिलेलं असतं, त्यामुळे वेगळं समजवावं लागत नाही.

धडधड ऐकायला किचन टॉवेलची रिकामी नळी पुरते. ती बाबांच्या छातीवर मध्यापासून जराशी डावीकडे टेकवा. मग बाबांनी वीस उड्या मारायच्या आणि पुन्हा ऐकायचं. ठोके मोजायला लावू नका. फुग्याचं फुप्फुस मात्र टाळा, फुटलेला तुकडा घशात अडकू शकतो.

गुप्तांगांची नावं अंघोळीच्या वेळी, कान-नाकाच्या सुरातच सांगावीत. लाडाचं टोपणनाव शाळेतल्या बाईंना किंवा डॉक्टरांना कळत नाही, म्हणून तिकडे वापरतात तो शब्दही शिकवा. आजी-आजोबांना याची आधी कल्पना द्या, नाहीतर ऐन वेळी ‘शी, असं बोलू नये’ कानावर पडतं आणि मूल पुढे सांगायचंच बंद करतं.

सुट्टीत बडोद्याला आलात की कमाटीबागेतल्या म्युझियममधला निळ्या देवमाशाचा सांगाडा दाखवा. माही नदीच्या मुखाशी मिळालेला हा सांगाडा 70 फुटांहून लांब आहे. तिथे नावं सांगत बसू नका. ‘तुझा कणा कुठे, याचा कुठे? बरगड्या कुठे?’ असं विचारा आणि मुलाला स्वतःच्या पाठीवरून हात फिरवू द्या. देवमाशाच्या परांत बोटांसारखी हाडं असतात हे ऐकलं की मुलांना पुठ्ठ्याचा हात हमखास आठवतो. त्याच इमारतीत इजिप्तची ममीही आहे. घाबरट मुलाला देवमासा आधी दाखवा, ममी मोठं झाल्यावर. ‘हा मेलाय का?’ असं विचारलं तर ‘हो, मेल्यावर हाडं उरतात’ एवढं उत्तर पुरे.