छावणीत रात्री फेरी मार

प्रिय,
सप्रेम आशीर्वाद.

निवारा छावणीची जबाबदारी तुझ्याकडे आल्याचं कळलं. पहिल्याच दिवशी हातात आकड्यांचा कागद पडेल: माणशी रोज किमान 15 लिटर पाणी, माणशी साडेतीन चौरस मीटर छपराखालची जागा, 20 जणांमागे एक संडास. 'स्फिअर' या मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतली ही मानकं पाठच कर, पण कागदावर जमली म्हणून निर्धास्त राहू नकोस.

अंधार पडल्यावर एखाद्या महिला कार्यकर्तीला सोबत घेऊन छावणीत फेरी मार. संडास 50 मीटरच्या आत असेलही, पण वाटेवर दिवा नसेल, दाराला आतून कडी नसेल, तर बायका रात्री तिकडे फिरकत नाहीत. संध्याकाळपासूनच पाणी पिणं कमी करतात. ही तक्रार तुझ्या टेबलावर कुणी आणणार नाही. ती दवाखान्याच्या नोंदवहीत लघवीची जळजळ म्हणून दिसेल. म्हणून ती वही रोज चाळ. आणि संडास, नळ कुठे हवेत ते बायकांना, म्हाताऱ्यांना, अपंगांना खड्डे खणण्याआधी विचार. नंतर विचारण्यात काही अर्थ नसतो.

दोन तंबूंमध्ये किमान दोन मीटर मोकळे ठेव. गर्दी वाढली की सगळ्यात आधी हीच जागा जाते, आणि आग लागली की एका चुलीपायी अख्खी रांग जळते. इथे भीड बाळगू नकोस.

शिधा उशिरा येणार असेल तर तसं स्पष्ट सांग. काहीच कळलं नसेल तर 'अजून कळलेलं नाही, पाच वाजता पुन्हा सांगू' एवढं तरी सांग, आणि पाचला खरंच जा. घरदार गेलेल्या माणसाला उपाशी रांगेत ताटकळत ठेवून गप्प राहणं मला तरी क्रूर वाटतं.

स्थलांतरितांची नोंदणी करताना लागेल तेवढंच विचार. कुणाच्या भीतीने जीव वाचवून ते पळून आलेत, हे आपल्याला ठाऊक नसतं. याद्या कुलपात ठेव, मागेल त्याला देऊ नकोस.

छावणी बंद करण्याचा विचार ती उघडतानाच सुरू कर. परतण्याआधी घरातलं एखादं माणूस पुढे जाऊन परिस्थिती बघून येतं. तोवर त्या कुटुंबाची जागा आणि शिधा काढून घेऊ नकोस, नाहीतर बघायला कुणी जाणारच नाही.

अडलं तर कधीही फोन कर.